वाचायच्या पुस्तकांची यादी: वही की गूगल शीट?

मावसबहिणीची यादी दीडशे पुस्तकांवर गेली. आता ती वहीत ठेवू की फोनवर, असं तिनं विचारलं. मी दोन्ही वापरलंय, म्हणून सांगते.

खर्चाचा प्रश्नच नाही. वही चाळीस-पन्नास रुपयांत येते, शीट फुकट.

खरा फरक शोधताना कळतो. कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरात, म्हणजे १८५० पासूनच्या वाचनालयात, कपाटासमोर उभं राहिलं की हवं ते नाव पटकन सापडायला हवं. शीटमध्ये लेखकाचं नाव टाकलं की काम झालं. वहीत पानं उलटत बसावं लागतं. फक्त एक करायचं: नाव कायम देवनागरीतच लिहायचं. एकदा देवनागरी, एकदा रोमन झालं की शोधताना निम्मी पुस्तकं निसटतात. आणि 'कुणी सुचवलं' हा रकाना हवाच. सहा महिन्यांनी नुसतं नाव बघून काही आठवत नाही.

टिकण्याचं म्हणाल, तर जुलैच्या पावसात माझी वही पिशवीतच भिजली, शाईच्या पेनानं लिहिलेली चार पानं गेली. शीट फोन हरवला तरी राहते.

पण शीट फुगते. टाकायला कष्ट नाहीत, म्हणून काहीही टाकलं जातं. वहीत हातानं लिहायचं म्हटलं की आपण आधी विचार करतो, आणि दर दिवाळीला नवी यादी उतरवताना नको ती नावं आपोआप गळतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

वाचनालयातून आणणाऱ्यानं, शंभरावर नावं असणाऱ्यानं शीट करावी. वर्षाला दहा-बारा पुस्तकं निवांत वाचणाऱ्याला वही पुरते. बहिणीला मी शीटच सुचवली.