न्यूयॉर्क सबवे: गाडी भाड्याने घेण्यापेक्षा हीच बरी, पण या चुका टाळा

न्यूयॉर्क शहरातलं मॅनहॅटन पाहायला भाड्याची गाडी घेऊ नका. ६०व्या रस्त्याच्या खाली दक्षिणेकडे शिरलं की दिवसा ९ डॉलर गर्दीशुल्क, पार्किंगचा खर्च वेगळा, आणि लाल दिवा असताना उजवीकडे वळायची अमेरिकेत इतरत्र असणारी मुभा या शहरात नाही. त्यापेक्षा सबवे, म्हणजे इथली भुयारी रेल्वे, कितीतरी चांगली. ४७२ स्थानकं, गाड्या रात्रभर सुरू, आणि कितीही लांब जा, तिकीट ३ डॉलरच.

मेट्रोकार्ड या जुन्या तिकीट-कार्डाची विक्री २०२५ अखेर थांबली. आता गेटवर कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा फोन टेकवायचा. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस, दोन्ही सुरू करा. नव्या भारतीय कार्डावर ते मुळात बंद असतात. ७ दिवसांत ३५ डॉलर खर्च झाले की पुढच्या फेऱ्या मोफत. मात्र दर वेळी तेच कार्ड किंवा तोच फोन हवा. प्लास्टिकचं कार्ड आणि फोनमध्ये भरलेलं तेच कार्ड, यांचा हिशेब वेगवेगळा होतो. नवरा-बायकोंनीही आपापलं कार्ड वापरावं, नाहीतर दुसऱ्याच्या फेऱ्या या मर्यादेत धरल्या जात नाहीत. ४४ इंचांपेक्षा कमी उंचीची मुलं फुकट.

मुंबईकरांना धीमी-जलद समजावायला नको, तरी इथे फसगत होतेच, कारण दोन्ही गाड्या बहुतेकदा एकाच फलाटाच्या दोन बाजूंना लागतात. नकाशावर पांढरा ठिपका म्हणजे जलद गाडी थांबणार, काळा म्हणजे फक्त धीमी. नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयासाठी ८१व्या रस्त्याला उतरायचं असेल तर सी नावाची धीमी गाडी (सोमवार ते शुक्रवार बी सुद्धा) पकडा; इथे मार्गांना अशी अक्षरांचीच नावं आहेत. चुकून ए किंवा डी या जलद गाडीत बसलात तर दिवसा ती ५९व्या रस्त्यावरून सुटते ती थेट १२५व्या रस्त्याला थांबते.

दुसरी चूक प्रवेशद्वाराची. लहान स्थानकांवर अपटाउन (उत्तरेकडे) आणि डाउनटाउनचे (दक्षिणेकडे) जिने रस्त्याच्या दोन बाजूंना असतात आणि आतून पलीकडे जाता येत नाही. बाहेर पडून पुन्हा आत गेलात तर आणखी ३ डॉलर. त्यापेक्षा टाइम्स स्क्वेअरसारख्या मोठ्या स्थानकापर्यंत जा आणि तिथे आतल्या आत गाडी बदला.

सबवेची खरी उणीव म्हणजे लिफ्ट. बऱ्याच स्थानकांवर ती नाहीच, त्यामुळे आई-वडील किंवा जड बॅगा सोबत असतील तर नकाशावर व्हीलचेअरचं चिन्ह असलेलीच स्थानकं निवडा. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाड्या दुसऱ्याच मार्गाने वळवल्या जातात. त्या सकाळी सबवे चालवणाऱ्या एमटीए या संस्थेच्या ॲपवर पाहिल्याशिवाय निघू नका. उन्हाळ्यात भरलेल्या गाडीत एकच डबा रिकामा दिसला तर त्यात चढू नका, बहुधा तिथला एसी बंद असतो.

जेएफके विमानतळावरून एअरट्रेनने, म्हणजे विमानतळाच्या छोट्या रेल्वेने, जमैका किंवा हॉवर्ड बीच या स्थानकाला या. एअरट्रेनचे पैसे तिथे बाहेर पडताना द्यावे लागतात, सबवेचे त्यानंतर वेगळे. जमैकाहून ई, हॉवर्ड बीचहून ए; दोन्ही मॅनहॅटनमधल्या पेन स्टेशनला जातात आणि तिथे लिफ्ट आहे. परतताना मात्र ए गाडीवरची पाटी नीट वाचा. फार रॉकअवे लिहिलेली हॉवर्ड बीचला थांबते, लेफर्ट्स बुलेव्हार्डची त्याआधीच दुसऱ्या फाट्याला वळते.