आय५ अकरावी जनरेशन म्हणून मुलीला दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप विकला, ३७,२०० रुपये गेले

आधी आकडा सांगतो कारण ज्याला कळतं तो पहिला तेच विचारतो. ३७,२०० रुपये. ३४,५०० लॅपटॉपचे, १,२०० बॅग आणि माऊसचे, १,५०० त्यांच्या 'एक वर्षाच्या वॉरंटी'चे. त्यातले २,००० टोकन म्हणून आधी यूपीआयने पाठवले, १२,२०० दुकानात यूपीआयने आणि २३,००० रोख. रोखीतला मोठा वाटा मिसेसच्या भिशीचा होता.

मी पतसंस्थेत १९ वर्षं वसुलीला आहे. समोरचा खरं बोलतोय का टाळतोय हे ओळखायचं माझं रोजचं काम, आणि मलाच एका पंचवीस वर्षांच्या पोरानं समोर बसवून गंडवलं, त्यामुळे दोन महिने मी हे घराबाहेर कुणाला बोललो नाही. आता लिहितोय कारण परवा ऑफिसातल्या एकानं त्याच्या मुलासाठी अगदी तसलीच जाहिरात दाखवली, कॉर्पोरेट लीज रिटर्न (म्हणजे कंपन्यांनी भाड्यानं वापरून परत केलेले लॅपटॉप), ए ग्रेड, स्टुडंट ऑफर, आणि म्हणाला साहेब चांगलं दिसतंय ना. माझ्या पोटात गोळा आला.

मुलीला कॅप राउंडमधून पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली. मग लॅपटॉप घ्यायचा का डेस्कटॉप, यावर घरात पंधरा दिवस चर्चा. आमच्या कराडमधल्या असेंबल करून देणाऱ्या पोरानं कागदावर कोटेशन लिहून दिलं होतं, रायझन ५ ५६००जी, १६ जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी, २२ इंची मॉनिटर, कीबोर्ड माऊस, यूपीएस धरून ३९,८००. प्रत्येक पार्टचा बॉक्स वेगळा, प्रत्येकाचं बिल वेगळं, तुमच्यासमोर सील फोडून बसवतो म्हणाला. तो कागद अजून माझ्या डायरीत आहे.

आता सगळे पाहुणे म्हणतात डेस्कटॉपच घ्यायचा होता. मेव्हणा तर प्रत्येक फोनला म्हणतो. मला हे पटत नाही आणि मी ते ऐकूनही घेणार नाही. होस्टेलच्या एका खोलीत तीन मुली, टेबल एक, सॉकेट दोन, तिथं मॉनिटर न् कॅबिनेट ठेवणार कुठं? दिवाळीला यायचं म्हणलं की एसटीत काय डोक्यावर कॅबिनेट घेऊन बसणार होती ती? प्रॅक्टिकलला वर्गात घेऊन जायचं तर लॅपटॉपच लागतो. घरी राहून कॉलेज करणारा असेल तर डोळे झाकून डेस्कटॉप घ्या, त्याच पैशात जास्त ताकदीचा येतो, चार वर्षांनी रॅम वाढवता येते, बिघडलं तर फक्त तो पार्ट बदलतो. पण होस्टेलला लॅपटॉप घ्यायचा आमचा निर्णय बरोबर होता. चुकलं ते पुढं. नवा चांगला लॅपटॉप ५५ हजाराच्या पुढं जात होता, माझी झेप ४० ची, आणि नेमकं त्याच आठवड्यात मोबाईलवर ती जाहिरात आली.

दुकान पुण्यात पेठेत, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. नाव लिहीत नाही, केस चालू आहे. दुकान म्हणावं असं होतं, एसी, काचेचं शोकेस, भिंतीला चाळीस-पन्नास लॅपटॉप लावलेले, तीन पोरं कामाला, गिऱ्हाईकं बसलेली. रस्त्यावरून घेतला असता तर मीच स्वतःला शिव्या घातल्या असत्या. २३ ऑगस्ट २०२५, शनिवार. मी, मिसेस आणि मुलगी तिघं गेलो होतो. पोरगा एकदम आदबीनं बोलणारा, काका काकू म्हणत चहा मागवला. लॅपटॉप चालू करून सिस्टीमचं पान उघडून दाखवलं, इंटेलचा प्रोसेसर आय५-११४५जी७, १६ जीबी, विंडोज ११. मुलीनं मोबाईलवर तो नंबर शोधला, बरोबर अकरावी जनरेशन, चार कोर (म्हणजे प्रोसेसरच्या आत काम करणारे चार भाग). म्हणजे आम्ही तपासलं नाही असं नाही. तपासलं. पण त्यांनी जे दाखवलं तेच तपासलं.

आणि आता ती गोष्ट, जी रात्री झोपताना अजून डोळ्यांसमोर येते. मुलीला कॉलेजच्या एका सिनिअरनं सांगून ठेवलं होतं की सेकंड हँड घेताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या पानावर, जाऊन बघ, तिथं खरा प्रोसेसर दिसतो. ती हळूच म्हणाली, "पप्पा, एकदा रीस्टार्ट करून बायोस बघूया का?" पोरगा लगेच म्हणाला, ताई अपडेट चालू आहे, आत्ता बंद केला तर विंडोज करप्ट होईल, आणि बायोसला कंपनीचा पासवर्ड असतो, कॉर्पोरेट मशीन आहे ना. मुलीनं परत माझ्याकडं बघितलं. मी काय म्हणावं? मी म्हणालो, "अगं त्यांचं रोजचं काम आहे ते, उगाच शंका काढत बसू नकोस." ती गप्प बसली. दुकानात सगळ्यांसमोर मी तिला गप्प बसवलं, आणि त्या खोलीत खरं बोलणारी तेवढी एकच होती.

बाकीच्या गोष्टी पण समोरच होत्या. आय५ चा स्टिकर नवाकोरा चकचकीत आणि त्याच्याशेजारी कीबोर्डची ए आणि एस बटणं घासून गुळगुळीत. मशीन उलटं केलं तर खालचं मॉडेल-सिरीयल नंबरचं लेबल खरवडून काढलेलं, विचारलं तर म्हणे कंपन्या डेटा सिक्युरिटीसाठी काढतात. असलं काही नसतं. लेबल नसलेलं मशीन हातात सुद्धा घेऊ नका. आणि पैसे देताना म्हणाला पूर्ण यूपीआय केलं तर १८ टक्के जीएसटी लावावा लागेल, म्हणजे ६,२१० जादा, रोख दिले तर आहे त्याच किमतीत. ६,२१० म्हणजे मुलीची दोन महिन्यांची मेस. मी रोख दिले. जेवढे होते तेवढे दिले, बाकीचे यूपीआय. बिल म्हणून जे दिलं त्यावर 'लॅपटॉप १ नग, यूज्ड' एवढंच, ना सिरीयल नंबर, ना जीएसटी नंबर, ना प्रोसेसर. खाली बारीक अक्षरात ७ दिवस टेस्टिंग वॉरंटी. मी म्हणलं एक वर्षाचे १,५०० घेतलेत ना, तर म्हणाला ते आमच्या सिस्टीममध्ये असतं काका. पतसंस्थेत असल्या चिठ्ठीवर मी कुणाला ५०० रुपये दिले नसते.

चारच दिवसांनी गणपती बसले. मुलगी लॅपटॉप घेऊन घरी आली, गौरी जेवल्या, पाहुणेरावळे, मशीन कुणी फारसं उघडलंच नाही आणि त्या गडबडीतच सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी संपली. मला तर वाटतं गणपतीच्या तोंडावर त्यांनी मुद्दाम जोर लावला होता. परत गेल्यावर तिनं ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर टाकलं आणि मशीन तापायला लागलं, हँग व्हायला लागलं, बॅटरी पाऊण तास पण टिकेना. ९ सप्टेंबरला त्याच सिनिअर मुलीनं सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर टाकून बघितलं. फुकट आहे ते, पाच मिनिटांचं काम. त्यात आलं आय५-६३००यू. सहावी जनरेशन, २०१५ चा प्रोसेसर, दोन कोर.

मग त्या पोरींनी सगळंच उकरलं. सिस्टीमच्या पानावर प्रोसेसरचं जे नाव दिसतं ते रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीतून येतं आणि ते बदलता येतं. मशीन रीस्टार्ट केलं की खरं नाव परत येतं, म्हणून या लोकांनी टास्क शेड्यूलरमध्ये (कामं आपोआप चालवायची विंडोजची सोय) एक छोटी फाईल टाकून ठेवली होती, दर वेळी लॉगिन केलं की ती परत खोटं नाव लिहायची. म्हणजे हे काही पोराच्या हातून चुकून झालेलं नाही, बसून, डोकं लावून केलेलं काम आहे. कमांड टाकून सिरीयल नंबर काढला आणि बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर टाकला तर वॉरंटी २०१९ लाच संपलेली. बॅटरी रिपोर्ट काढला तर मूळ क्षमतेच्या निम्मी सुद्धा शिल्लक नाही. एसएसडी २१ हजार तासांच्या वर चाललेली. आणि विंडोज ११ साठी आठवी जनरेशन किंवा त्यापुढचा इंटेल लागतो, यांनी सहावीवर जबरदस्तीनं टाकलेलं. विंडोज १० ला जाऊ म्हणलं तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे इकडं आड तिकडं विहीर.

नुसतं 'आय५' म्हणून कुणी विकत असेल तर उठून या. आय५ गेली पंधरा वर्षं निघतोय. पुढचा आकडा बघा, ६३०० म्हणजे सहावी, ११४५ म्हणजे अकरावी, आणि तो आकडा त्यांच्या स्क्रीनवर बघू नका, स्वतःच्या पेन ड्राइव्हवर सीपीयू-झेड घेऊन जा आणि लावा. लावू देत नसतील तर जिना उतरा. टास्क मॅनेजरमध्ये कोर मोजा, आमच्यात दोन दिसत होते, सांगितलेल्या प्रोसेसरला चार असतात, एवढं एक बघितलं असतं तरी पुरलं असतं.

दुकानाला फोन केला तर पहिला प्रश्न, टेस्टिंग पिरियडमध्ये का नाही आलात. मी म्हणलं प्रोसेसरच खोटा आहे, त्याचा टेस्टिंगशी काय संबंध. तर म्हणतो तुम्हीच बदलला असेल. लॅपटॉपचा हा प्रोसेसर मदरबोर्डला सोल्डर केलेला असतो, तो काय मी स्वयंपाकघरात बसून बदलला? मग नंबर ब्लॉक. एक दिवसाची रजा टाकून पुण्याला गेलो, तर तोच पोरगा मला ओळखत नसल्यासारखा, मालक बाहेरगावी.

तिथून चौकीत गेलो. दोन तास बाकावर. साहेब आले, कागद हातात न घेता म्हणाले हा सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक न्यायालयात जा. मी म्हणलं साहेब खोटं नाव टाकून विकलंय, ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेत ३१८ कलम आहे. तर म्हणाले मग वकिलच आणायचा ना सोबत. लेखी अर्ज दिला, पोच मागितली, म्हणाले शिक्का कपाटात आहे, कपाटाची चावी हवालदाराकडं, हवालदार बंदोबस्ताला. पोच न घेताच आलो, तीही चूक. नंतर पोस्टानं रजिस्टर करून पाठवला. घरी येऊन इकडच्या ठाण्यात गेलो तर म्हणाले व्यवहार पुण्यात झाला, पुण्यालाच जा. पुण्यात म्हणाले होते तुम्ही कराडचे, तिकडं द्या. माणसानं जायचं कुठं? एका हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नंबर मिळाला, तीन आठवड्यांनी मेसेज आला 'तक्रार निकाली काढण्यात आली'. काय निकाली काढलं? कुणाला विचारलं? मला एक फोन सुद्धा आला नाही. कच्च्या बिलाबद्दल आणखी एका ऑफिसात गेलो, तिथल्या बाईंनी वर न बघता विचारलं, तुम्ही स्वतः रोख दिलेत ना, मग तुम्ही पण त्यात आलातच की. मी चोर नाही हो. माझ्या मुलीचे पैसे गेलेत. ३७,२०० साठी मी चार रजा घातल्या, जाण्यायेण्यात २,८६० गेले ते वेगळेच, आणि प्रत्येक टेबलवर मलाच खाली मान घालायला लावली. त्या दुकानात आज पण शनिवारी गिऱ्हाईकं बसलेली असतील चहा पीत.

एक गोष्ट मला कुणीच सांगितली नाही, ती आमच्या संस्थेच्या वकिलांनी सांगितली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकानाच्या गावाला जायची गरज नाही, ५ लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि दोन वर्षांच्या आत करावी लागते. एवढं वाक्य चौकीत कुणी बोललं असतं तर माझे दोन महिने वाचले असते. यूपीआयचे स्क्रीनशॉट, जाहिरातीचा फोटो, चॅट, सगळं पहिल्या दिवशीच काढून ठेवा. आमचं नशीब की मुलीनं दुकानाशी झालेलं चॅट डिलीट केलं नव्हतं, त्यात त्यांनीच 'आय५ इलेव्हन्थ जेन' लिहिलंय. रोखीच्या २३,००० ला मात्र माझ्याकडं काही नाही. मिसेस साक्ष देणार आहे.

आता अर्ज दाखल झालाय, तारखेची वाट बघतोय. वकील म्हणाले मशीनला हात लावू नका, फॉरमॅट केलं तर ती फाईलच जाईल आणि पुरावा संपेल. म्हणून लॅपटॉप घरी कपाटात, पिशवीत घालून ठेवलाय. मुलगी साडेपाचपर्यंत कॉलेजच्या लॅबमध्ये बसते आणि रात्री रूममेटचं काम संपलं की तिच्या लॅपटॉपवर असाइनमेंट करते, बऱ्याचदा बारानंतर. परवा फोनवर म्हणाली, पप्पा तुम्ही टेन्शन घेऊ नका. मला अजून तिला सांगता आलेलं नाही की त्या दिवशी दुकानात तुझंच बरोबर होतं.