डिमेन्शियाच्या रुग्णासाठी घरातले सेन्सर: एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यानंतर

हे सेन्सर स्मरणशक्ती मोजत नाहीत, रोजची घडी मोजतात. माणूस कधी उठतो, रात्री संडासला किती वेळा जातो, फ्रीज आणि बाहेरचं दार कितीदा उघडतं, एवढंच. पण ही घडी हळूहळू विस्कटत असेल तर रोज सोबत राहणाऱ्यांना ती पटकन जाणवत नाही, आलेखात दिसते. खर्च करायचा तो यासाठी.

संच साधा आहे: झिगबीवरचे (कमी विजेत चालणारी बिनतारी जोडणी) चार हालचाल-सेन्सर (झोपायची खोली, संडासची वाट, स्वयंपाकघर, सोपा म्हणजे पुढची खोली), तीन दार-सेन्सर (बाहेरचं दार, फ्रीज, गोळ्यांचा डबा), टीव्हीला वीज मोजणारा स्मार्ट प्लग आणि सगळ्यांची माहिती गोळा करणारा हब, म्हणजे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर. माहिती घरातच राहते. कॅमेरा नको. ज्यांच्यासाठी हे लावायचं त्यांना समजतंय तोवर शेजारी बसून नीट सांगावं. ते हो म्हणाले तरच भिंतीला हात लावावा.

कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत दगड-मातीच्या जाड भिंती सिग्नल खातात. बॅटरीवरचे सेन्सर सिग्नल पुढे पाठवत नाहीत, प्लग पाठवतात. म्हणून माजघरात एक प्लग जादा लावावा. चुना दिलेल्या भिंतीवर दुहेरी टेप टिकत नाही. आधी लाकडी पट्टी स्क्रूनं मारून तिच्यावर सेन्सर बसवावा.

पावसाळ्यात सगळ्यात जास्त छळतो तो दार-सेन्सर. चौकटीवर मुख्य भाग, दारावर लोहचुंबक आणि मध्ये जेमतेम सेंटीमीटरभर अंतर. जुलैत लाकडी दार फुगतं, चौकटीत पूर्ण बसत नाही, अंतर वाढतं आणि मोबाईलवर रात्रभर दार ‘उघडं’ दिसतं. चुंबकाखाली पुठ्ठ्याची पट्टी घालून ते जवळ आणावं, दसऱ्याच्या सुमारास दार आटलं की काढावं. उन्हाळ्यातली गोष्ट वेगळी. हालचाल-सेन्सर अंगाची उष्णता आणि आजूबाजूची उष्णता यांतला फरक पकडतो. मे महिन्यात दुपारी भिंती तापल्या की तो फरकच उरत नाही, त्यामुळं दुपारचे आकडे कमी येतात. ती झोप समजू नये.

वीज गेली की हब बंद, आणि तेवढा वेळ ‘हालचाल नाही’ असा दिसतो. राउटर आणि हब दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत.

पहिले चार ते सहा आठवडे निष्कर्ष काढूच नयेत. त्या माणसाची नेहमीची रीत काय ते आधी कळू द्यावं. सेन्सरला माणूस ओळखता येत नाही. गणपतीत, नवरात्रात पाहुणे आले की ते दिवस कॅलेंडरवर खूण करून हिशोबातून वगळावेत. भरल्या घरात भरवशाची माहिती रात्रीचीच, तीही पलंगावर दाबाची पट्टी असेल तर. ती कापसाच्या गादीवर नव्हे, गादी आणि फळीच्या मध्ये ठेवावी. वर ठेवली तर कापसाच्या गोळ्यांनी खोटे इशारे येतात.

आता वाचायचं कसं. दोन-तीन दिवसांत रात्रीच्या फेऱ्या एकदम वाढल्या, तर डिमेन्शिया वाढला असं धरू नका. आधी लघवीचा संसर्ग, साखर, नवी गोळी यांचा विचार करून लगेच डॉक्टरांकडे जा. वृद्धांमध्ये संसर्गानं अचानक गोंधळ उडतो आणि तो बरा होण्यासारखा असतो. महिनोन्‌महिने सरकत जाणारा बदल वेगळा: उठायची वेळ पुढंमागं होणं, संध्याकाळी बाहेरच्या दाराशी वारंवार जाणं, गोळ्यांचा डबा एकाच सकाळी दोनदा उघडणं. डॉक्टरांना अ‍ॅप दाखवत बसू नये. महिन्याचा एक कागद काढावा: रात्रीच्या फेऱ्या, उठायची वेळ, दार, गोळ्या, आणि शेजारी औषधं बदलल्याच्या तारखा.

चालण्याचा वेग मात्र या संचातून काढायला जाऊ नका. अमेरिकेत ओरेगॉनच्या संशोधकांनी तो घरातच मोजला, पण छताला एका ओळीत, नजर मुद्दाम अरुंद केलेले सेन्सर लावून. बाजारातले बरेच बॅटरीवाले सेन्सर एकदा चाहूल लागली की मिनिटभर गप्प बसतात, त्यांच्यावर सेकंदांचा हिशोब होत नाही.

स्मार्ट घड्याळ घेऊ नये. विसरभोळं माणूस ते काढून ठेवतं, आणि रोजचं चार्जिंग घरच्यांच्याच गळ्यात पडतं.