ओपन सोर्स: कंपनीच्या भरवशावर की सरकारच्या?

उद्यमनगरातल्या फाउंड्रीवाल्यांकडून हा प्रश्न वरचेवर येतो. ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता, बदलता येतो असं सॉफ्टवेअर, फुकट मिळतंय म्हणून घ्यायचं, की त्यामागं कोण उभं आहे ते बघून? मी म्हणतो, आधी मागं कोण आहे ते बघा.

कंपनी कोड खुला करते तो धंद्याचं गणित मांडूनच. गुगलनं 2008 मध्ये अँड्रॉइडचा कोड खुला केला, पण प्ले स्टोअर स्वतःच्या हातात ठेवलं. कोड कुणीही घ्यावा, दुकानाची चावी मात्र त्यांच्याकडे. आयबीएमनं 2019 मध्ये लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर धंदा करणारी रेड हॅट कंपनी सुमारे 34 अब्ज डॉलरना घेतली. एवढा पैसा ओतणारा काम नेटानं करतो, दुरुस्त्या वेळेवर येतात. धोका परवान्यात, म्हणजे कोड वापरायच्या अटींत आहे. हॅशिकॉर्प कंपनीनं 2023 मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या साधनाचा परवाना आवळला आणि वापरणाऱ्यांनी जुना कोड घेऊन ओपनटोफू ही वेगळी आवृत्ती उभी केली. कोड खुला होता म्हणूनच ते जमलं.

सरकारला हवी असते परावलंबनातून सुटका. केरळच्या शाळांत लिनक्स रुजलं, कारण शिक्षकांना प्रशिक्षण मिळालं. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेनं 2003 मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला आणि 2017 मध्ये विंडोजकडे परतायचं ठरवलं. राजकीय पाठबळ आटलं की असं होतं. आपल्या केंद्राचं 2015 चं धोरणही ओपन सोर्सला प्राधान्य देतं, पण तालुक्याच्या कचेरीत अडलेल्या कारकुनाला मदत करणारा माणूस लागतो, तो धोरणातून येत नाही.

म्हणून फाउंड्रीसाठी माझं मत कंपनीच्या बाजूचं: सर्व्हरला कंपनीचं पाठबळ असलेलं लिनक्स घ्या. हिशेबाच्या फायली मात्र ओडीएस या स्प्रेडशीटच्या प्रकारासारख्या खुल्या स्वरूपात ठेवा.