मोटरहोमचे नऊ महिने आणि यागंटीचे पाणी

टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधून घेतलेले आमचे मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, वापरात येऊन नऊ महिने झाले. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत एवढ्या उंच गाडीला जागा नसल्याने ती भाड्याच्या आवारात उभी राहते, आणि मुंबईत असे वाहन घेऊ इच्छिणाऱ्यांनी पहिली चौकशी याच खर्चाची करावी. कोकणातल्या छोट्या फेऱ्या निर्वेध पार पडल्या. गाडीचा खरा कस लागला तो जानेवारीत, सोलापूर-हैदराबाद-कर्नूल मार्गाने आंध्रातील नंद्याल जिल्ह्यात केलेल्या अकरा दिवसांच्या प्रवासात.

यागंटीच्या उमामहेश्वर मंदिराच्या पुष्करिणीत डोंगरातून येणारे पाणी पाहण्याची माझ्या आईची फार दिवसांची इच्छा होती. तिचे वय ७८, गुडघे दुखरे. स्वच्छतागृह सोबत असल्यामुळेच ती निर्धास्तपणे निघाली, आणि एवढ्या एका कारणासाठीसुद्धा गाडीवर केलेला खर्च मला सार्थ वाटतो. आदल्या रात्री जवळच मुक्काम केल्याने गर्दीच्या आधी, पहाटेच्या गारव्यात, तिला पायऱ्यांवर निवांत बसता आले.

हा सारा भाग चुनखडीचा आहे. सह्याद्रीचा बसाल्ट, म्हणजे काळा कातळ, पाण्यात सहजी विरघळत नाही, चुनखडी विरघळते. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, खडकातल्या भेगा झिजवत रुंद करते आणि कालांतराने त्या भेगांचेच भुयारी मार्ग होतात. याच जिल्ह्यातल्या बेलमच्या गुहांत हे आतून पाहता येते. ३,२२९ मीटर लांबीच्या या गुहांचा सुमारे दीड किलोमीटर भाग पर्यटकांसाठी खुला असून सर्वांत खोल ठिकाणी, ४६ मीटरवर, पाताळगंगेचे पाणी वाहत येऊन खडकात दिसेनासे होते. आत दमट उकाडा फार असल्याने आई गाडीतच थांबली. शेजारच्या कडप्पा जिल्ह्यातल्या गंडिकोटला पेन्ना नदीच्या घळीवर एक संध्याकाळ घालवली; तीही अप्रतिम होती.

गाडीतला गंभीर दोष याच प्रदेशात उघड झाला. शुद्ध पाण्याची टाकी १०० लिटरची, पण सांडपाण्याची केवळ ६० लिटरची. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी सांडपाणी कुठे सोडावे हा प्रश्न उभा राहिला. मातीच्या जाड थरातून जाताना पाणी थोडेफार तरी गाळले जाते, चुनखडीच्या रुंद भेगांत मात्र साबणाचे पाणी जसेच्या तसे खाली उतरून कुणाच्या विहिरीत किंवा झऱ्यात निघू शकते. आम्ही भांडी पुसून मग धुतली, अंघोळी बादलीभर पाण्यात उरकल्या आणि टाकी गावातल्या लॉजच्या मालकांना विचारून त्यांच्या सेप्टिक टँकमध्ये रिकामी केली. बांधणी करणाऱ्यांनी ही तफावत आधी सांगायला हवी होती. आता मागच्या कप्प्याखाली ५० लिटरची दुसरी टाकी बसवून घेत आहोत. ती बसल्याशिवाय पुढचा प्रवास ठरवणार नाही.