ह्यूस्टन की क्योटो? टीपचा हिशेब शेजारी-शेजारी मांडून

कोथरूडच्या माझ्या मावशी-काकांना यंदा एकच मोठा प्रवास जमणार आहे: एक तर ह्यूस्टनला भाचीकडे, नाही तर जपान. पैसे, तब्येत, व्हिसा सगळं बोलून झाल्यावर काकांनी विचारलं, "तिथे कुणाच्या हातावर किती ठेवायचे? आपल्यामुळे कुणाचं मन दुखायला नको." पुण्यात हा प्रश्न पडत नाही. बिलासोबत आलेल्या बडीशेपेच्या ताटलीत दहा-वीस रुपये ठेवून आपण उठतो. मोठी बक्षिसी म्हणजे दिवाळीची पोस्त. या दोन देशांत मात्र काकांच्या प्रश्नाची उत्तरं अगदी उलट आहेत.

अमेरिकेत टीप हा वेटरच्या पगाराचाच भाग असतो. टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने थेट द्यायचं किमान वेतन केंद्रीय कायद्यानुसार तासाला फक्त २.१३ डॉलर आहे, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टीप धरूनही तासाला ७.२५ डॉलर, म्हणजे केंद्राचं पूर्ण किमान वेतन, होत नसेल, तर फरक मालकाने भरायचा. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं, पण ह्यूस्टन ज्या टेक्सासमध्ये आहे तिथे २.१३ च चालतात. म्हणून बसून जेवलात तर १८ ते २० टक्के धराच. त्यात काटकसर करू नये असं मला मनापासून वाटतं, कारण ती थेट वाढणाऱ्याच्या मजुरीतून होते. मेन्यूवर ६० डॉलरचं जेवण असेल, तर ८.२५ टक्के विक्रीकर म्हणजे ४.९५ आणि २० टक्के टीप म्हणजे १२. हातातून जातात जवळजवळ ७७.

जपानमध्ये मेन्यूवरचे ६,००० येन बहुतेक ठिकाणी ६,००० च राहतात. २०२१ च्या एप्रिलपासून ग्राहकाला करासकट किंमत दाखवणं तिथे बंधनकारक आहे, आणि टीप नाहीच. टेबलावर सुटे ठेवून निघालात तर विसरलात असं समजून वेटर ते परत द्यायला मागे धावत येऊ शकतो. इझाकायात, म्हणजे तिथल्या पिण्या-खाण्याच्या साध्या ठिकाणी, मात्र न मागवता खाण्याची एक छोटी वाटी समोर येते, तिचे माणशी ३००-५०० येन बिलात लागतात. ती तिथली रीत आहे, फसवणूक समजू नका. मोठ्या हॉटेलांत १०-१५ टक्के सेवाशुल्क बिलातच असतं.

टॅक्सीचं थोडक्यात: अमेरिकेत १५ टक्के, जपानमध्ये मीटरवर दिसेल तेवढंच.

हॉटेलात अमेरिकेत खोली आवरणाऱ्या बाईंसाठी दिवसाला २ ते ५ डॉलर, तेही रोजच्या रोज ठेवावेत. शेवटच्या दिवशी एकदम ठेवले तर ते भलत्याच बाईंना मिळू शकतात. बॅग उचलणाऱ्याला नगामागे एक-दोन डॉलर. त्यासाठी पुण्यातून डॉलर घेतानाच एक आणि पाचच्या नोटा मागून घ्या.

अमेरिकेत दोन ठिकाणी सांभाळा. सहा-आठ जण एकत्र जेवलात तर टीप कधीकधी बिलात आधीच लावलेली असते. न वाचता दुसऱ्यांदा देऊ नका. आणि काउंटरवर स्वतः कॉफी घेताना स्क्रीनवर १८, २०, २५ टक्के असे पर्याय आले, तर 'नो टिप' दाबायला मुळीच संकोचू नका.

माझं मत काकांना सांगितलं ते असं: खर्चाचा आकडा आधी पक्का हवा असेल आणि दिवसातून तीनदा टक्केवारी काढायचा ताण नको असेल, तर जपान. ह्यूस्टनला जायचं तर बाहेरच्या जेवणाच्या अंदाजावर कर आणि टीप मिळून तीस टक्के जास्त धरा, मग तिथे मन खट्टू होणार नाही.

मावशीला मात्र जपान रुक्ष वाटलं. "कुणी इतकं प्रेमाने केलं तरी काहीच द्यायचं नाही?" तशी एक जागा आहे. र्योकानमध्ये, म्हणजे तिथल्या पारंपरिक निवासात, खोली दाखवायला येणाऱ्या बाईंना कोणी कोणी सुरुवातीलाच हजार ते तीन हजार येन देतात. सक्ती नसते, आणि उघडी नोट कधीच देत नाहीत. कोरी नोट छोट्या पाकिटात घालून, दोन्ही हातांनी. हे ऐकून मावशी उठली आणि कपाटातली आहेराची पाकिटं काढून मोजू लागली.