जीएनएम करून मग पोस्ट बेसिक: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

खासगी कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षांची फी झेपत नाही, म्हणून 'आधी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) उरक, डिग्रीचं नंतर बघू' असा सल्ला सर्रास मिळतो. पोस्ट बेसिक बी.एस्सी.च्या, म्हणजे जीएनएमनंतर करायच्या डिग्रीच्या, पहिल्या वर्षाचे नऊ महिने काढल्यावर या रस्त्याला पाचपैकी साडेतीन गुण. एक कापला वेळेसाठी, अर्धा कागदपत्रांसाठी.

जीएनएम तीन वर्षं, पोस्ट बेसिक दोन. सरळ बी.एस्सी. चार वर्षांत होते, म्हणजे इथे एक वर्ष जास्त जाणारच. हा रस्ता खरोखर स्वस्त पडतो तो जीएनएम जिल्हा रुग्णालयाच्या सरकारी शाळेत झालं आणि मधल्या काळात स्टाफ नर्सचा पगार हातात आला तरच. खासगी जीएनएमवर खासगी पोस्ट बेसिक चढवलं की बचत कुठे राहते?

बारावीला पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) घेऊन ४५ टक्के असलेल्या मुलींनी तर आधी बी.एस्सी.ची प्रवेश परीक्षा, सीईटीच द्यावी. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून शासन भरतं. अट एवढीच की जागा कॅप राउंडमधून (शासनाच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून) मिळालेली हवी. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. होस्टेल, मेस, युनिफॉर्म मात्र आपल्याच खिशातून. बारावी आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना बी.एस्सी.चं दार बंद असतं, त्यांच्यासाठी जीएनएमच बरं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दोन कोर्सच्या मधल्या सांध्यात. पोस्ट बेसिकच्या फॉर्मला नुसता जीएनएमचा निकाल चालत नाही, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं आरएनआरएम (नर्स आणि मिडवाइफ म्हणून) रजिस्ट्रेशन लागतं. निकाल लांबला, मग रजिस्ट्रेशन लांबलं, तोवर प्रवेशाची तारीख उलटली की वर्ष गेलंच. म्हणून निकाल लागल्याच्या आठवड्यातच रजिस्ट्रेशनचा अर्ज टाकावा. नोकरी केली असेल तर एक्स्पीरियन्स सर्टिफिकेट आणि गॅपचं शपथपत्र फाइलला लावूनच ठेवावं. मधे लग्न झालं असेल तर आणखी एक कटकट: बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. रजिस्ट्रेशन कोणत्या नावाने आहे ते बघून सगळे कागद त्याच नावाने जोडावेत, नाहीतर पडताळणीच्या टेबलावरून परत पाठवतात.

अभ्यासात दात दाखवते ती बायोकेमिस्ट्री-बायोफिजिक्स. आर्ट्सवाल्यांना पीएच, बफर, एन्झाइम हे सगळं पहिल्यांदाच भेटतं. अकरावी-बारावीचं केमिस्ट्रीचं पुस्तक महिनाभर आधी चाळलं तर धाप कमी लागते. मेडिकल-सर्जिकल आणि चाइल्ड हेल्थ वॉर्डात हात बसलेला असल्यामुळे सोपे जातात. उलट थेट बी.एस्सी.वाल्यांपेक्षा आयव्ही लावताना हात कमी थरथरतो.

हजेरीचं गणित आधीच समजून घ्यावं. परीक्षेला बसायला ८० टक्के पुरतात, पण डिग्री हातात पडायच्या आधी क्लिनिकल (वॉर्डातलं काम) १०० टक्के भरावं लागतं. घेतलेली प्रत्येक सुट्टी शेवटी ड्युटी करून फेडायची. लॉगबुकावर वॉर्ड इन्चार्ज सिस्टरची सही त्याच दिवशी घ्यावी. बदली झालेल्या सिस्टरच्या मागे तालुक्याच्या गावापर्यंत फिरण्यात काही अर्थ नाही.

'नॉन-अटेंडिंग, फक्त परीक्षेला या' असं कुणी सांगितलं तर तिथूनच मागे फिरा. कोर्स पूर्णवेळ आहे, दिवसपाळीची नोकरी सोबत जमत नाही, आणि पगार थांबल्याची दोन वर्षंही खर्चातच धरा.

मग डिग्रीचा फायदा काय? एम्सच्या नॉरसेटला (नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेला) जीएनएमवर बसायचं तर किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. पोस्ट बेसिकनंतर ती अट राहत नाही. एम.एस्सी. करायची असेल तर डिग्रीत ५५ टक्के लागतात. त्यामुळे पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्रीत काठावर पास होऊन सोडून दिलं तर ते पुढे नडतं.